फाट्यावरची दावण



आर्द्राचा पाऊस चांगला झालाय. सोयाबीन चार-पाच पानांवर आहे. काळ्या रानात पाऊस झाला की पहिली बंद पडते ती आपली पाणंद. चार पावलं टाकली की चाक आणि मडगार्डाच्या मधे चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग गाडी ढकलत न्यायची की खांद्यावर घ्यायची, एवढाच प्रश्न उरतो. त्यामुळं आमच्या शिवारातली सगळी मंडळी जूनपासून दिवाळीपर्यंत गाड्या फाट्यावर डांबरी रस्त्याच्या कडेला लावतात आणि पुढचा दीड-दोन किलोमीटर पायी जातात. पंपाचा डबा, खताची पिशवी, जेवणाचं फडकं, सगळं डोक्या-खांद्यावर. कामाच्या दिवशी लिंबाखाली बारा-पंधरा मोटारसायकली उभ्या असतात. मालक मात्र दिसेल इतक्या अंतरावर एकही नसतो.

ही रांग आपल्याला रोजची म्हणून दिसतच नाही. ज्याला बघायची असते तो बरोबर बघतो.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात त्या रांगेतून एक गाडी गेली. आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या तरुणाची. फवारणीचे दिवस, सगळे रानात. संध्याकाळी सहाला तो फाट्यावर आला तर गाडीच्या जागी तेलाचा डाग तेवढा होता. हँडल लॉक लावलेलं होतं, किल्ली खिशात होती. त्या गाडीवर तो पहाटे सहा घरांचं दूध डेअरीला पोचवायचा. दुसऱ्या दिवशी दोन कॅन त्यानं सायकलला बांधून नेले, बाकीच्यांचं दूध घरीच राहिलं. आठ दिवसांत चार घरांनी दुसरा माणूस बघितला. गाडी कर्जावर घेतलेली, अजून चौदा हप्ते बाकी होते. गाडी गेली म्हणून हप्ता थांबत नाही.

याहून वाईट पुढं झालं. शेजारच्या वावरात एक पोरगं रोजंदारीवर होतं, बाहेरगावचं. ते दुपारी पाणी प्यायला फाट्यावर आलेलं कुणीतरी बघितलं होतं. बस, तेवढ्यावर गावात कुजबुज सुरू झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण कामावर बोलावणं बंद झालं. दिवाळीआधी ते पोरगं आपल्या गावी निघून गेलं. गाडी काही सापडली नाही. म्हणजे चोर कोण ते आजही माहीत नाही, आणि एका गरिबाची हजेरी मात्र गेली.

तेव्हापासून मी कुलपाकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतो. कुलूप चोरासाठी असतं हे खरं, पण गावातल्या साव माणसावर आळ येऊ नये म्हणूनही ते असतं. म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवून गाडीच्या कुलपाबद्दल लिहितो. मिस्त्री, वेल्डिंगवाले आणि पोलीस पाटील यांच्याशी बोलून आणि स्वतः करून बघून जे पटलं, तेवढंच.

आधी चोराचा हिशोब समजून घेऊ. त्याला लागतो वेळ. दोन मिनिटांत गाडी हलत असेल तर तो हात घालतो, दहा मिनिटं लागणार असतील तर शेजारची बघतो. न तुटणारं कुलूप कुठंच मिळत नाही. आपण फक्त त्याची मिनिटं वाढवायची.

हँडल लॉक आतून एक बारीक लोखंडी जीभ असते. ती जोराच्या हिसक्याला टिकत नाही. लावायचं जरूर, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. शिवाय आपल्या गाड्यांचं वजन शंभर-सव्वाशे किलो. दोन धडधाकट माणसांनी उचलून पिकअपमध्ये टाकली तर लॉक लावलेलं काय आणि नसलेलं काय. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीचं आणखी एक दुखणं असतं. किल्ली आणि कुलूप दोन्ही झिजतात आणि दुसऱ्याच गाडीची किल्ली घातली तरी फिरते. तुमची किल्ली चालू गाडीतून अलगद बाहेर निघत असेल तर समजा वेळ झाली. स्पेअर पार्टच्या दुकानात चाव्यांसकट पूर्ण लॉकसेट मिळतो, तो बदलून घ्या.

डिस्क लॉक चांगलं, पण ते डिस्क ब्रेकच्या चकतीत बसतं. आपल्यातल्या बऱ्याच गाड्यांना पुढं-मागं ड्रमच असतो, त्यांना ते लागूच होत नाही. ज्यांच्या गाडीला डिस्क आहे त्यांनी लॉकला भडक रंगाची दोरी बांधून ती हँडलपर्यंत आणावी. लॉक विसरून गाडी काढली तर माणूस जागेवर आपटतो.

उरली साखळी. घरात बैलाची साखळी असते, तीच गाडीला लावावी असं कुणालाही वाटतं. ती साखळी बैलानं ओढली तर तुटू नये म्हणून केलेली असते, कटरसाठी नाही. मऊ लोखंडाची असते, पटकन कापली जाते. गाडीसाठी कडक केलेल्या पोलादाची, चौकोनी कड्यांची साखळी मिळते, वरून कापडी खोळ असते. महाग आणि जड असते, पण तीच घ्यावी. कुलूप जाड कडीचं आणि आखूड कडीचं. लांब कडीत पहार घालून पिळता येतं.

साखळी कुठून घालायची हे कुलपाइतकंच महत्त्वाचं. नुसत्या पुढच्या चाकातून घातली तर चोर चाक खोलून ठेवतो आणि बाकीची गाडी नेतो. कॅरिअर, सायलेन्सरची जाळी, फूटरेस्ट या सगळ्या गोष्टी पान्यानं निघतात. मागच्या चाकातून आणि चाक ज्यात बसतं त्या चिमट्यातून साखळी घालायची. आणि साखळी जमिनीवर लोळत ठेवायची नाही. जमिनीवर टेकलेल्या साखळीवर हातोडा चांगला बसतो, अधांतरी साखळीवर बसत नाही. कुलपाचं तोंड खाली ठेवलं की पावसाचं पाणीही आत जात नाही.

पण एवढं करूनही गाडी उचलून नेता येतेच, कारण ती जमिनीला बांधलेली नाही. बैल काही आपण नुसता पाय बांधून सोडत नाही, खुंट्याला बांधतो. मग गाडीला खुंटा का नको?

म्हणून यंदा मृगाच्या आधी आम्ही नऊ जणांनी वर्गणी काढली आणि फाट्यावर गाड्यांची दावण केली. रस्त्याची हद्द सोडून, फाट्यावर ज्यांचं घर आहे त्यांच्या वावराच्या कोपऱ्यात, त्यांना विचारून. एका विहिरीवरचा जुना तीन इंची लोखंडी पाइप पडून होता. त्याचे तीन उभे खांब केले आणि वर एक आडवा पाइप वेल्डिंग केला, जमिनीपासून हातभर उंचीवर. पाइपच्या पोकळीत सळई घालून काँक्रीट भरलं. पोकळ पाइप आरीनं लवकर कापतो, भरलेल्याला वेळ लागतो. खड्डे मात्र नीट घ्यावे लागले. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात वरवर गाडलेला खांब दोन वर्षांत हलायला लागतो. मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, तीन फुटांच्या वर. आता प्रत्येक जण मागचं चाक पाइपाकडं करून गाडी लावतो आणि साखळीनं जखडतो. पोरं हसली सुरुवातीला, म्हणाली, "दादा, आता गव्हाण पण बांधा." हसू द्या.

साखळीखेरीज आणखी दोन-तीन उपाय आहेत, ज्याला जे झेपेल ते.

चोर स्विच. चांगला मिस्त्री इग्निशनच्या वायरीत एक छोटं बटण लपवून बसवून देतो. ते बंद असलं की किल्ली फिरवूनही गाडी चालू होत नाही. जागा फक्त आपल्याला माहीत पाहिजे, हॉटेलात बसून सांगायची नाही. नव्या गाडीला बसवण्याआधी वॉरंटीचं शोरूममध्ये विचारा.

पेट्रोलचा कॉक. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉक बंद करून ठेवला तर चोरानं चालू केली तरी आत उरलेल्या पेट्रोलवर थोडं अंतर जाऊन ती बंद पडते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सिक्स गाड्यांत इंजेक्शन आलं, त्यांना बहुतेक हा कॉक नसतो.

अलार्म घरासमोर ठीक. फाट्यावर तो ऐकणार कोण? वाऱ्यानं, शेळीच्या धक्क्यानं वाजतो आणि दोन दिवसांनी वाजला तरी कुणी मान वळवत नाही. जीपीएसचं यंत्र कामाचं आहे, पण त्याला सिम लागतं, रिचार्ज लागतो, रेंज लागते आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते बॅटरी खातं. ठिकाण दिसलं म्हणून एकट्यानं मागं धावू नका. ते पोलिसांना दाखवा.

एक स्वस्तातली युक्ती सांगतो. बाजारात भांड्यांच्या दुकानात भांड्यावर नाव घालून देणारा असतो ना, त्याच्या यंत्रानं गाडीचा नंबर सायलेन्सरवर, चिमट्यावर, इंजिनाच्या बाजूच्या झाकणावर कोरून घ्या. चोरलेल्या गाड्या पुष्कळदा सुट्या करून विकल्या जातात. नंबर कोरलेला भाग विकत घेणाऱ्याला नको असतो. पूर्वी जनावराला डाग द्यायचे, त्यातलाच हा प्रकार. फक्त कंपनीनं मारलेल्या चासी नंबर आणि इंजिन नंबरला हात लावायचा नाही, तो गुन्हा होतो.

आता कागद. इथं आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळं आपण समजतो, पाच वर्षं विम्याची चिंता नाही. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपली गाडी चोरीला गेली तर त्यात एक रुपया मिळत नाही. चोरी धरली जाते ती स्वतःच्या नुकसानीच्या भागात, आणि तो बऱ्याचदा पहिल्या एकाच वर्षाचा असतो. नंतर तो दरवर्षी आपण भरायचा असतो. आमच्या दूधवाल्या शेजाऱ्याचं नेमकं हेच झालं. गाडी अडीच वर्षांची, कागदावर विमा चालू, आणि हातात शून्य. आजच आपली पॉलिसी काढून दोन्ही तारखा बघा. नुसता हा भाग वेगळा घेता येतो.

दोन्ही किल्ल्या जपा, दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मागते. आरसी डिकीत ठेवू नका. डिजिलॉकरमधली चालते. चासी नंबर, इंजिन नंबर आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो मोबाइलमध्ये आणि घरच्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.

आणि गेलीच तर? दोन दिवस स्वतः शोधत फिरू नका. ११२ ला लगेच फोन करा आणि त्याच दिवशी ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झालेत. चोरीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे. हद्द आमची नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही, कुठल्याही ठाण्यात ती नोंदवता येते. ऑनलाइन तक्रार केली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. विमा कंपनीला आणि आरटीओला लगेच लेखी कळवा, कर्ज असेल तर बँकेलाही. गाडी सापडली नाही तर पोलीस 'अ समरी' करतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. विम्यासाठी तो कागद लागतो. त्याला महिने जातात, पाठपुरावा सोडू नका.

दावण झाल्यावर एक गोष्ट आपोआप घडली, ती कुणी ठरवली नव्हती. सगळ्या गाड्या एका पाइपाला आल्यामुळं आपली लावताना दुसऱ्याचीही दिसते. कुणाची साखळी सैल असली, किल्ली गाडीतच राहिली असली, की फोन जातो. फाट्यावरच्या घरातल्या आजी ओट्यावर बसून शेंगा फोडतात, त्यांना आता बारा गाड्यांचे मालक तोंडपाठ झालेत. परवा माझा मेहुणा माझी गाडी काढायला गेला तर आजींनी आधी त्याचं गाव विचारलं, मग मला फोन लावायला लावला, मगच हात लावू दिला. मेहुण्याला राग आला. मला बरं वाटलं.

त्या रोजंदारीच्या पोराला मी गेल्या महिन्यात निरोप धाडलाय, कोळपणीला ये म्हणून. अजून उत्तर नाही. आलं तर त्याची गाडी लावायला पाइपावर जागा ठेवली आहे.

बाकी, उद्या वाफसा आला तर सोयाबीनची दुसरी कोळपणी. तुरीला दोन-तीन तासांत मर दिसतेय, तिचं पुढच्या वेळी लिहितो.