मेंढरांची वाट आणि सातबारा

भाकरीचा तुकडा मोडला तरी ती भाकरीच राहते. जमिनीचेही तसेच असेल, असे आपण धरून चालतो. चार एकरांचे चार भाग केले तरी एकूण जमीन चार एकरच! हिशेब बरोबर आहे. पण तो नांगराचा हिशेब आहे, चालत्या जित्राबाचा नव्हे.

आमची चिंचणी समुद्रकाठची. भातखाचरे आणि वाड्या हे इकडचे वैभव. माळरान ते देशावरचे. तरी दोन्हींना जोडणारा एक धागा होता, मेंढ्यांचा कळप. आजोबा सांगतात, भातकापणी झाली की घाटावरचे धनगर घोड्यांवर बिऱ्हाड लादून खाली उतरत. शेतकरी रात्री खाचरात मेंढ्या बसवून घेई. शेताला लेंडीखत मिळे, धनगराला धान्य. कोकणच्या पावसात मेंढीचे खूर कुजतात, म्हणून पावसाळ्याआधी कळप माघारी फिरे. तोवर तिकडच्या माळाला विसावा मिळालेला असे.

१९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत आली. जमिनीला भाव आला, आणि भावामागोमाग कुंपण आले. आजोबांच्या दोन एकरांचे चार वाटे झाले. घरात सातबारा वाचायचे काम माझ्याकडे. प्रत्येकाच्या नावावर वीस गुंठे. धाकट्या काकांनी आपला वाटा विकला, त्या पैशांतून माझ्या शिक्षणालाही हातभार लागला. तेव्हा विकणाऱ्याला दोष देणे मला शोभत नाही. परंतु त्या वीस गुंठ्यांना तारा लागल्या आणि बांधावरची वाट बुजली. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. वर्षातून एकदा येणाऱ्या कळपाची नोंद मला त्यात कुठे दिसली नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदाही शेत कसायला परवडावे म्हणून झाला. त्याचे माप शेतीचे, वाटचालीचे नव्हे.

देशावर तर याचे परिणाम अधिक खोल आहेत. तेथील माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो. प्रत्यक्षात तो आफ्रिकेतल्यासारखाच सवाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी जुने मराठी वाङ्मय आणि लोकगीते धुंडाळून २०२५ मध्ये दाखवून दिले, की पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ जंगल तोडून झालेला नाही, तो कित्येक शतकांचा जुना आहे. माळावर पाऊस सारखा पडत नाही. एका शिवारात पडतो, शेजारचे कोरडे राहते. तेथे जो चालतो तो जगतो. वाट अडली की कळप त्याच तुकड्यावर फिरून फिरून गवत मुळापर्यंत खातो. लांडग्याचा आडोसा जातो, तो वाड्याजवळ येतो आणि धनगराशी त्याचे वैर वाढते. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगरकडे अभयारण्य झाले. पण मोकळ्या रानाचे तुकडे होत गेले आणि विजेच्या तारा त्या जड पक्ष्याच्या जिवावर उठल्या.

केनियातील मसाई पशुपालकांच्या सामाईक कुरणांना १९६८ च्या कायद्याने मान्यता मिळाली. पुढे त्यांच्याही वाटण्या झाल्या. नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानालगत, कितेंगेला पठारावर, कुंपणांनी रानटी जनावरांचा रस्ता तोडला. मात्र मसाई माराभोवती अनेक जमीनमालकांनी आपापले तुकडे पुन्हा एकत्र जोडून जनावरांसाठी मोकळे ठेवले. मालकी प्रत्येकाची, रान सर्वांचे.

मराठीत ‘वाटा’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक वाटा हिश्शाचा. दुसऱ्या वाटा चालण्याच्या. हिश्शाचे वाटे घराघरांत पडणारच, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण वाटणीच्या कागदावर सह्या करताना, बांधालगत एक कळप जाईल एवढी जागा सोडावी, असे मी यंदा घरात बोलून दाखवले आहे. आजोबांनी मान डोलावली. काका म्हणाले, “बघू.”