मालमोटारीवरील आमची तीस वर्षे

प्रवासवर्णने लिहिणारे लोक बहुधा आगगाडीने अथवा विमानाने फिरलेले असतात. प्रवास आम्हीही पुष्कळ केला. परंतु तो मालमोटारीच्या चालकाच्या जागेवर बसून. त्यामुळे ताजमहालाविषयी आम्हांस विशेष काही सांगता येणार नाही. आग्र्याच्या बाहेर हमालांची वाट पाहत आम्ही अनेक दिवस काढले, ताजमहाल मात्र एकदाच पाहिला. तथापि ज्या रस्त्यांवरून आपणां सर्वांच्या घरचे मीठ, साखर आणि कापड येते, त्या रस्त्यांची थोडीशी हकीकत या अंकाच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस रुचेल, अशी आशा वाटते.

आमचे गाव पेण तालुक्यातील. १९८३ साली दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालो. पण पुढे शिकण्याइतकी घरची स्थिती नव्हती. म्हणून एका ओळखीच्या गृहस्थांच्या मालमोटारीवर क्लीनर म्हणून राहिलो. चाके धुणे, दोरखंड आवळणे, ताडपत्री बांधणे, गाडी मागे घेताना ओरडून वाट दाखविणे आणि घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड लावणे, ही आमची पहिली विद्या. चार वर्षे ही उमेदवारी केल्यावर चालकाचा परवाना मिळाला. त्यानंतर तीस वर्षे आम्ही स्टेअरिंग सोडले नाही.

आमच्या भागात मालाची वाण कधीच नव्हती. रोह्याजवळच्या धाटाव येथील औद्योगिक वसाहतीतून रसायनांची पिंपे निघत. ती वापी, अंकलेश्वर, कानपूर, दिल्ली अशी दूरदूर जावयाची. परंतु आमच्या तालुक्याचा खरा माल म्हणजे श्रीगणेशाच्या मूर्ती. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या गावांतून घरोघरी मूर्ती घडतात. कित्येक मूर्ती न रंगविताच बाहेरगावी जातात आणि तेथील कारागीर त्यांस रंग देतात. काही मूर्ती न्हावाशेवा बंदरातून जहाजाने परदेशी जातात. लोखंडाचा माल खड्ड्यात आदळला तरी लोखंडच राहतो. मूर्तीचे तसे नाही. एक बोट दुखावले की ती मूर्ती कोणी पूजेस घेत नाही. म्हणून गाडीत भाताच्या पेंढ्याचा जाड थर अंथरून त्यावर मूर्ती दाटीने उभ्या करावयाच्या, दोहोंमध्ये पुन्हा पेंढा भरावयाचा, आणि मग शेकडो मैल असे हाकावयाचे की जणू मागे तान्हे मूल निजले आहे. हळू हाकणे हे वेगाने हाकण्यापेक्षा कठीण असते, हे आम्हांस या मूर्तींनीच शिकविले.

घाटांनीही आम्हांस पुष्कळ शिकविले. जुन्या चालकांचा एक नियम असे, की ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात तो उतरावा. उतारावर डिझेल वाचावे म्हणून काहीजण गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देत. मग सारा भार ब्रेकवर पडे. ब्रेक तापत आणि तापले की पकड सोडीत. बोरघाटात आणि कशेडीच्या घाटात दरीत पडलेल्या गाड्यांचे सांगाडे आम्ही पाहिले आहेत. चार रुपयांच्या डिझेलसाठी माणसे गेली, असे मनात येऊन प्रत्येक वेळी मन उदास होई. आता द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आहे, कशेडीच्या डोंगरातून बोगदाही झाला आहे. तरी उताराचा तो नियम जुना झालेला नाही.

आमच्या घरावरून जाणारा मुंबई–गोवा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा होता आणि पनवेलपासून केरळातील एडापल्लीपर्यंत जात असे. आता त्याचा क्रमांक ६६ आहे. याच मार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल होता. त्यावरून आम्ही किती वेळा गेलो असू याची गणती नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो पूल कोसळला. एस. टी. च्या दोन बसगाड्या व इतर वाहन अंधारात नदीत गेले आणि अनेक जीव प्राणांस मुकले. जवळच्याच एका गॅरेजात काम करणाऱ्या मनुष्याने तो प्रकार ध्यानी येताच रस्त्यावर धावत येऊन पुढची वाहने थांबविली, म्हणून आणखी अनर्थ टळला. ५ जून २०१७ रोजी तेथे नवा पूल वाहतुकीस खुला झाला. त्यावरून जाताना आम्हांस बुडालेल्या प्रवाशांइतकीच त्या धावणाऱ्या मनुष्याचीही आठवण होत असे. त्याची ना बस, ना माल, ना नातेवाईक; तरी भर पावसात तो रस्त्यावर आला. रस्त्याचा धर्म म्हणतात तो हाच.

पूर्वी शहरांच्या वेशीवर जकातनाके व राज्यांच्या सीमेवर तपासणीनाके असत. गुजरातच्या सीमेवर अच्छाड येथे गाड्यांची रांग लागली की अर्धा दिवस सहज जाई. बरोबरचे चालक त्या वेळात पत्ते खेळत. आम्ही पेणच्या वाचनालयातून आणलेले पुस्तक वाचीत असू. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला आणि ती रांग गेली. देशाचा त्यात लाभच झाला. आमचे वाचन मात्र कमी झाले!

एक प्रसंग विशेष आठवतो. मूर्तींची गाडी भरून आम्ही नागपुरास निघालो होतो. कसारा घाट, नाशिक, धुळे, जळगाव असा आठशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग. चतुर्थी जवळ आलेली; व्यापाऱ्याचा तगादा, मालकाची ताकीद. आमच्याबरोबर सोळा-सतरा वर्षांचा क्लीनर होता. भुसावळ सोडल्यावर त्यास सणसणून ताप भरला. पोर थरथर कापू लागले, तरी म्हणे, "उस्ताद, थांबू नका. उशीर झाला तर मालक तुमचे पैसे कापतील." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु आदल्या रात्री आमचाही डोळा लागला नव्हता. मागे शेकडो मूर्ती, शेजारी आजारी मूल आणि पुढे रात्रभराचा रस्ता. आम्ही मलकापुरास गाडी उभी केली, डॉक्टरांस गाठले, औषध आणले आणि ढाब्याच्या बाजेवर पोरास निजविले. ढाबेवाल्याने आपली घोंगडी त्याच्या अंगावर घातली व दुधाचे पैसे घेतले नाहीत. आम्ही त्या रात्री केबिनमध्ये गाढ झोपलो. नागपुरास एक दिवस उशिरा पोचलो. मूर्ती एकही दुखावली नव्हती. पैसे मात्र कापले गेलेच. त्या महिन्यात चिरंजीवांची शाळेची फी घरातील दोन पोती भात विकून भरावी लागली. गृहिणीने सारी हकीकत ऐकून घेतली आणि एवढेच म्हटले, "पोर सुखरूप घरी आले ना? मग भात पुढल्या वर्षी पिकेल." तोच मुलगा पुढे चालक झाला व आज स्वतःची गाडी बाळगून आहे.

या गोष्टीत कोणा एका माणसाचा दोष काढण्याचा हेतू नाही. दोष रीतीचा आहे. आपल्या संसदेने १९६१ सालीच मोटार कामगारांसाठी कायदा करून दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे ठरविले होते. आम्ही रस्त्यावर असताना तो कायदा कागदावर होता. रस्त्यावर आम्हांस क्वचितच भेटला. युरोपातील देशांत २००६ सालच्या नियमानुसार चालकाने दिवसास सामान्यतः नऊ तासच गाडी हाकावी आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे, असे बंधन आहे. गाडीतील यंत्र त्याची नोंद ठेविते आणि वाटेत अधिकारी ती नोंद तपासतात. म्हणजे नियम आपल्याकडेही चांगलाच होता. उणीव होती ती नोंद ठेवणाऱ्याची. अलीकडे थोडी सुधारणा दिसते. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेने तापलेल्या केबिनमध्ये ज्याने दुपार काढली आहे, त्यासच या सुधारणेचे मोल कळेल.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्हांपैकी कित्येकांचे वडील, काका अथवा मामा याच धंद्यात असतील. ते पंधरा-पंधरा दिवस घरी नसतात, पालकसभेस येत नाहीत, तुमच्या बक्षीससमारंभास त्यांची खुर्ची रिकामी असते. त्यांचे मन तुमच्याकडे नाही, असे कदापि समजू नका. आमच्या केबिनमध्ये देवाच्या तसबिरीशेजारी चिरंजीवांचे प्रगतिपुस्तकातील गुण लिहिलेला कागद चिकटविलेला असे, आणि ढाब्यावर भेटलेल्या पंजाबी, राजस्थानी, तमिळ चालकांस तो आम्ही अभिमानाने दाखवीत असू. त्यांच्याही केबिनमध्ये असेच काही ना काही असे.

पालकांस एकच विनंती आहे. मोठेपणी आपल्या हाताखाली कोणी चालक असेल, तर तो किती वाजता पोचला एवढेच विचारू नका. काल रात्री किती तास झोपला, हेही विचारा. माल एक दिवस थांबू शकतो.