नऊची गोळी

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक ज्यांच्या जिवावर बेतली असती, त्यांनीच पुढं मला माझं काम शिकवलं. त्यांना इथं काकाच म्हणते, कारण समोरही तेच म्हणत आले.

2009 साली संख्याशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी पुण्यातल्या एका रुग्णालयात यकृत प्रत्यारोपणाच्या नोंदी ठेवायला लागले. रुग्णांशी बोलणं माझं काम नव्हतं. पण मला मेल्ड स्कोअर काढता यायचा, आणि तेवढ्यावर आपल्याला बरंच कळतं असं वाटायचं. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन ही रक्तातली तीन मापं सूत्रात घातली की 6 ते 40 मधला एक आकडा येई. आकडा जितका मोठा तितकं यकृत थकलेलं.

काका एसटीतले निवृत्त कंडक्टर, संगमनेरकडचे. ब प्रकारच्या काविळीनं यकृत निकामी झालेलं, पोटात पाणी भरलेलं. (जन्मात दारूला न शिवलेल्या या माणसाला गावानं काय काय ऐकवलं, तो वेगळाच विषय आहे.) काकू आपल्या यकृताचा भाग द्यायला तयार होत्या. त्यांच्या तपासण्याही जुळल्या होत्या. सह्यांच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं. "ताई, ह्यांचा आकडा एकतीस आलाय म्हणतात. म्हंजी ऑपरेशन झाल्यावर किती वर्षं?"

मी म्हणाले, "आकडा फार वाईट आहे काकू. पुढची फारशी आशा धरू नका."

शेजारी त्यांचे धाकटे दीर उभे होते. माणूस जाणारच असेल तर वहिनींच्या पोटावर सुरी कशाला, असा विषय त्या रात्री घरात निघाला. दिरांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. देणाऱ्याच्या जिवालाही धोका असतोच. चुकीची होती ती माझी माहिती. सही नऊ दिवस लांबली आणि त्या नऊ दिवसांत काका अतिदक्षता विभागात गेले.

लांबण्याचं कारण आमच्या वरिष्ठ सर्जनना समजलं तेव्हा ते रागावले नाहीत. हा स्कोअर कुणी, कशासाठी काढला ते वाचून या, एवढंच म्हणाले. मी रात्री वाचत बसले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मंडळींनी 2000 साली तो मांडला होता. यकृताच्या शिरेतला दाब उतरवायला आत नळी बसवलेल्या 231 रुग्णांवरून, त्यानंतर कोण किती दिवस तगेल हे सांगण्यासाठी. फेब्रुवारी 2002 पासून तिथं प्रतीक्षायादी त्यावर लावू लागले. नवं यकृत मिळालं नाही तर येत्या तीन महिन्यांत कोण दगावेल, एवढाच त्याचा प्रश्न. प्रत्यारोपणानंतरच्या वर्षांबद्दल तो फारसं काही सांगत नाही. एकतीसचा खरा अर्थ होता, थांबू नका. मी नेमका उलटा सांगितला होता.

सकाळी सर्जननी स्वतः घरच्यांना समजावलं. शस्त्रक्रिया झाली, दोघंही सुखरूप घरी गेले. मी मात्र सहा महिने काकांची नजर चुकवत होते. शेवटी एका तपासणीच्या दिवशी सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी गाडी डेपोत उभी होती तवाचा आकडा तुम्ही घाटातला म्हणून सांगितला." मग पिशवीतून वही काढून माझ्यापुढं ठेवली.

वही कंडक्टरच्या वे-बिलासारखी आखलेली होती. तारीख, सकाळी नऊची गोळी, रात्री नऊची गोळी, वजन, रक्तदाब, टॅक्रोलिमसची पातळी, क्रिएटिनिन. एकही घर रिकामं नाही. मला त्या वेळी ती निवृत्त माणसाची हौस वाटली, हेही कबूल करते.

माझे स्वतःचे आलेख चालूच होते. कॅप्लन आणि मायर यांनी 1958 साली दिलेल्या पद्धतीनं जगण्याची रेघ काढली की पहिल्या वर्षात ती झपाट्यानं उतरते: जंतुसंसर्ग, रक्तवाहिनीत गुठळी, नव्या यकृताला शरीराचा नकार. ते वर्ष पार केलेल्यांची रेघ पुढं बरीच सपाट होते. तिथून ती हळूहळू उतरते ती बहुतेक वेगळ्याच कारणांनी. हृदयविकार, कर्करोग, मूळ आजार उलटणं, आणि मूत्रपिंड. अमेरिकेतल्या नोंदींवरचा 2003 सालचा एक मोठा अभ्यास सांगतो की यकृत मिळालेल्यांपैकी सुमारे 18 टक्के लोकांची मूत्रपिंडं पाच वर्षांत कायमची बिघडतात. त्याला इतर कारणं असतात, तसंच यकृत टिकवणारं टॅक्रोलिमसही एक कारण असतं. हे मला पाठ होतं. दिसत नव्हतं.

पाचव्या वर्षी काकांनी वही उघडून क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या आकड्याच्या, रकान्यावरून बोट फिरवलं. 1.0, 1.1, 1.3, 1.5, 1.7. "ताई, हे चढतंय का मलाच वाटतंय?" दर तपासणीला कुणीतरी नवा डॉक्टर मागचा एक कागद बघून 'थोडं वाढलंय' म्हणत होता. आमच्या संगणकात तेच आकडे पाच वेगळ्या पानांवर होते. मी वही घेऊन धावत वर गेले. टॅक्रोलिमस कमी झालं, जोडीला मायकोफिनोलेट हे दुसरं औषध आलं, आणि गुडघेदुखीसाठी काका गावातल्या दुकानातून घेत होते त्या गोळ्या बंद झाल्या. (त्या गोळ्यांचा रकाना वहीत नव्हता. मी तसं म्हटल्यावर काका ओशाळून हसले.) पुढं आकडा चढायचा थांबला.

तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक रुग्णाची क्रिएटिनिनची सगळी वर्षं एकाच पानावर येतात. ते पान माझं म्हणून ओळखलं जातं. मी दरवेळी सांगते की आखणी एका कंडक्टरची आहे.

कोविडच्या दोन वर्षांत काका आले नाहीत. फोन लागेना. नियमाप्रमाणे मी नोंद केली, 'संपर्क तुटला'. अशा माणसासाठी आलेखावर रेघ उतरत नाही. शेवटच्या भेटीपाशी फक्त एक बारीक उभी खूण येते. ती काढताना हात जड झाला होता.

2022 च्या जानेवारीत काकूंचा पुतण्या दुसऱ्याच रुग्णाला घेऊन आला, त्याच्याकडून नवा नंबर मिळाला. फोन काकूंनी उचलला.

"ते मळ्यात गेलेत, नऊची घेऊन. रक्त संगमनेरातच तपासतो आता. वही आणू का?"

त्या वाचत गेल्या, मी लिहीत गेले. शेवटचं क्रिएटिनिन 1.6.