उन्हाचा पुरावा

एसी थंड करत नाही म्हटलं की आमच्या धंद्यात पहिला हात गॅसच्या सिलिंडरकडे जातो. गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं. "गॅस भरून टाका" म्हणून तो चहाला जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात कितीतरी गाड्यांत गरज नसताना गॅस भरला जातो आणि तो जास्त झाला की कॉम्प्रेसरच्या जिवावर उठतो. म्हणून मी आधी विचारतो, "ऑटोवर चालवता का?"

ऑटो बंद करून ब्लोअर हाताने फुल केला आणि जाळीतून गार वारा आला, तर गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सर सगळं जागच्या जागी आहे. मग बिघाड हुकूम सोडणाऱ्याकडे, म्हणजे एसीच्या कंप्युटरकडे शोधायचा. त्याला खबर देणारे सेन्सर असतात. बाहेरची हवा किती तापली, आतली किती, कूलिंग कॉइल किती गार झाली, हे सांगणारे सगळे तापमान मोजतात. डॅशबोर्डवर समोरच्या काचेखाली रुपयाएवढा काळा घुमट असतो, तो मात्र ऊन मोजतो.

शेकोटीपाशी बसलं की तोंड भाजतं आणि पाठीला थंडी वाजते, हवा दोन्हीकडे तीच असली तरी. गाडीत तसंच होतं. आतली हवा चोवीस-पंचवीस अंशांवर आली, तरी काचेतून मांडीवर पडणारं ऊन उकडवतंच. निरभ्र आकाशाखाली भर दुपारी चौरस मीटरमागे जवळपास 1000 वॅट ऊन पडतं. ते दिसलं की कंप्युटर ब्लोअर वाढवतो, हवा आणखी गार सोडतो. दिसलं नाही, तर त्याच्या लेखी संध्याकाळ झाली.

घुमटाखाली फोटोडायोड असतो. ऊन पडेल तसा त्यातून करंट वाहतो, अंधारात जवळजवळ शून्य. मेख अशी की तार तुटली तरी शून्यच. दोन्हींतला फरक कंप्युटरला कळत नाही. टोयोटाच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये या सेन्सरचा कोड बी1421 आहे, आणि अंधाऱ्या जागी तपासलं तर सगळं ठीक असूनही तो दिसू शकतो, असं त्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. पण मॅन्युअल वाचायला वेळ कुणाला असतो! स्कॅनरवर कोड आला की पार्ट मागवून मोकळे.

असंच झालेली एक गाडी माझ्याकडे आली. मालक जिल्हा परिषदेत हिशेब तपासनीस होते, आता निवृत्त. गाडी दुसऱ्याच कंपनीची, पण कथा तीच. आधीच्या गॅरेजने नवा सेन्सर टाकला होता, तरी कोड जाईना. आता म्हणे एसीचा कंप्युटरच गेलाय. त्याची किंमत ऐकून साहेबांना घाम फुटला होता. खिशातून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, आत जुना सेन्सर. बदललेला पार्ट मागून घ्यायची सवय बहुधा नोकरीतलीच.

मी तो तिथेच उन्हात धरला, मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून पिनांना टोकं लावली. जवळपास अर्धा व्होल्ट. अंगठा ठेवला, आकडा कोसळला. उचलला, परत चढला. गाडीला न जोडता, नुसत्या उन्हावर. (ही युक्ती साध्या फोटोडायोडलाच चालते. ज्यात आणखी सर्किट भरलेलं असतं ते वीज दिल्याशिवाय बोलत नाहीत.) म्हणजे साहेबांनी धडधाकट सेन्सर बदलून घेतला होता.

डॅशबोर्डवर जाड काळी मॅट पसरलेली होती, उन्हाने प्लॅस्टिक तडकू नये म्हणून. ती बघताच मला शंका आली होती. पण शंकेवर बिल होत नाही, त्यातून समोर हिशेब तपासनीस.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये घेतली, मॅट उचलली, स्कॅनर लावला. उन्हाचा आकडा शून्य. पोऱ्याने मोबाइलचा टॉर्च घुमटावर धरला. आकडा ढिम्म.

"दादा, हा नवापण गेला."

नव्हता गेला. आपल्या डोळ्याला साधारण 700 नॅनोमीटरपर्यंतचा उजेड दिसतो. या डायोडची खरी नजर 900 च्या आसपास, इन्फ्रारेडमध्ये, आणि काळा घुमट बहुतेक तेवढंच आत सोडतो. एलईडीच्या उजेडात ते जवळजवळ नसतंच. म्हणून मी 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरसकट जपून ठेवलाय. त्यातल्या पाचेक वॅटचा उजेड पडतो, बाकीची सगळी उष्णता. याच अवगुणापायी तो घरोघरी बाद झाला, माझं पोट त्याच अवगुणावर. हल्ली दुकानात मागितला की दुकानदार मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. बल्ब घुमटाजवळ नेला, आकडा सरसर वर. लांब नेला, खाली. सेन्सर, तार, कंप्युटर, तिघंही निर्दोष.

मग गाडी उन्हात काढली, कोड पुसला, ऑटोवर चोवीस अंश लावून बसलो. आधी काहीच होत नाही. झाडांच्या सावल्यांतून जाताना ब्लोअर सारखा खालीवर होऊ नये, म्हणून कंप्युटर मुद्दाम सावकाश चालतो. घाईची माणसं नेमकी इथे "गेला" म्हणून मोकळी होतात. ब्लोअरचा आवाज हळूहळू चढला. मॅट पसरली, जरा वेळाने उतरला. साहेबांचा माझ्यावर विश्वास नसावा. त्यांनी स्वतः मॅट काढून-घालून खात्री केली.

मी ब्लेड आणलं, तर मॅटला भोक पाडायला त्यांनी हात लावू दिला नाही. घरी नेऊन कडा शिवून घेणार म्हणाले. मॅटची घडी काखेत मारून त्यांनी बिल वाचलं.

"पार्ट काहीच टाकला नाही?"

"नाही."

"मग मजुरी कशाची?"

"साहेब, तुम्ही गावोगाव तपासणीला जायचात, तिथं कुठला पार्ट टाकत होता?"

ते हसले, पैसे मोजून दिले आणि पक्क्या पावतीसाठी हात पुढे केला.