समोरची खुर्ची

नाक मुरडणे, कपाळाला आठ्या घालणे, पाठ फिरवणे, मान खाली घालणे हे मराठी वाक्प्रचार आज मनोवृत्तींची नावे होऊन बसले असले, तरी त्यांचे मूळ डोळ्यांना दिसलेल्या हालचालींत आहे, आणि शब्द कानावर पडत असतानाच ऐकणाऱ्याची नजर बोलणाऱ्याच्या देहावर असते, ही जुनी जाण त्यांत साठून राहिली आहे. मुद्रा, नजर, हातवारे, बसण्या-उठण्याची ढब आणि दुसऱ्यापासून राखलेले अंतर यांतून पोचणाऱ्या या आशयाला देहबोली म्हणतात.

भारतीय परंपरेत तिचा बारकाईने विचार झाला तो रंगभूमीच्या निमित्ताने. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आणि नुसत्या दृष्टीचे ३६ भेद सांगितले. आंगिक अभिनय अवयवांच्या हालचालींचा असतो, तर सात्त्विक अभिनयात घाम, कंप, रोमांच, स्वरभंग यांसारखे आठ भाव येतात, आणि मन एकाग्र झाल्याखेरीज ते उमटत नाहीत. नटाला जे महत्प्रयासाने साधावे लागते, तेच मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला लपवता येत नाही, आणि जे लपवता आले नाही तेच खरे, असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो.

हा ग्रह व्हायला वेळ लागत नाही. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकवणाऱ्या अध्यापकांच्या काही सेकंदांच्या, आवाज काढून टाकलेल्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या, तेव्हा त्यांनी बांधलेले अंदाज सत्रभर वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या मतांशी बरेच जुळले. परंतु अशी झटपट पारख सर्वत्र चालत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली खोटे ओळखण्याविषयीच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा माणसाचे शंभरातले सरासरी ५४ निर्णयच बरोबर निघाले, म्हणजे नाणेफेकीहून थोडेच अधिक.

याचे एक कारण असे की, देहाच्या खुणांना शब्दांसारखा ठरीव कोशार्थ नसतो. वडीलधाऱ्यांसमोर खाली राहिलेली नजर घरात मर्यादा मानली जाते. तीच नजर मुलाखतीच्या टेबलापाशी आत्मविश्वासाचा अभाव ठरते. खुर्चीच्या कडेवर टेकलेला, फाइल मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलेला आणि उत्तर देताना टेबलाच्या कडेकडे पाहणारा उमेदवार कदाचित आयुष्यभर शिकलेली अदब पाळत असतो, पण समोरच्या कागदावर त्या अदबीसाठी रकाना नसतो.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी १९७४ साली अमेरिकेतील दोन प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पहिल्या प्रयोगात गोरे मुलाखतकार कृष्णवर्णीय उमेदवारांपासून अधिक अंतरावर बसले, बोलताना अधिक अडखळले आणि त्यांनी मुलाखत लवकर आटोपली. दुसऱ्या प्रयोगात मुलाखतकारांना ही तुटक ढब मुद्दाम शिकवून त्यांच्यासमोर गोरे उमेदवार बसवले, तेव्हा ज्यांच्या वाट्याला ती ढब आली ते उमेदवार अधिक अस्वस्थ दिसले आणि त्यांची कामगिरी कमी प्रतीची ठरली. न्यूनता उमेदवाराच्या वर्णात नव्हती. ती समोरच्या वागण्यातून उतरली होती.

म्हणून छाप पाडणे हा वाक्प्रचार अर्धाच खरा मानावा लागतो. ठसा उमटवणाऱ्याइतकाच तो घेणारा पृष्ठभागही ठशाचे रूप ठरवतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत ताठ बसावे, नजरेला नजर द्यावी, हातांची घडी घालू नये, असे धडे उमेदवारालाच दिले जातात, आणि त्यांचा उपयोगही होतो. मात्र परीक्षक मागे रेलून घड्याळाकडे पाहतो, समोरचा आवाज त्यासरशी खाली येतो, आणि मग तोच परीक्षक ‘आवाजात ठामपणा नाही’ असा शेरा लिहितो, तेव्हा त्या शेऱ्यातला काही भाग त्याच्या स्वतःच्या बसण्याविषयीचा असतो.