आजीच्या खोलीचे दार

भयकथेच्या वाचकाविषयी मराठी समीक्षेने सहसा दोन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात : तो वयाने लहान असतो, आणि वाचनाची समज वाढली की ही कथा तो मागे टाकतो. पुण्याच्या शनिवार पेठेत वाढलेली एक वाचक या दोन्ही गृहीतांना अपवाद ठरते. आज तिने साठी ओलांडली आहे. शाळकरी वयात पेठेतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणलेल्या नारायण धारपांच्या (१९२५–२००८) पुस्तकांपासून सुरू झालेले तिचे हे वाचन हृषीकेश गुप्ते यांच्या पुस्तकांपर्यंत अखंड चालू राहिले. तिची मते घर सांभाळता सांभाळता घडत गेली, आणि त्यांतले एक मत तरी समीक्षेने विचारात घ्यावे असे आहे.

तिच्या या वाचनाचा प्रारंभकाळ पुण्यातील खऱ्या भीतीचाही काळ होता. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत, जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात दहा माणसे मारली गेली. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत, दारांना आतून कड्या लागत. मारेकरी कलाशिक्षण घेणारे तरुण होते हे पुढे उघड झाले. त्या बंद दाराआड ती ‘समर्थ’ कथा वाचत असे. तिच्या मते त्या दिवसांत धारपांनी तिला दिलासा दिला. त्यांच्या कथेत अरिष्टाला नाव असते, त्याचे काही नियम असतात आणि ते नियम जाणणारा समर्थ वेळेवर येतो. बाहेरच्या शहरात असे कोणीही नव्हते. प्रत्यक्ष भयापासून अंतर असल्याशिवाय भयानक रसाचा आस्वाद संभवत नाही, असे सामान्यतः मानले जाते. तिचा अनुभव उलट आहे. प्रत्यक्ष भय उंबऱ्यापाशी असतानाच तिला त्या रसाची गरज भासली.

धारपांची ‘आजी’ ही कथा तिने पुढे, लग्नानंतर वाचली. त्या वेळी घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. या कथेचे बीज स्टीफन किंग यांच्या १९८४ मधील ‘ग्रॅमा’ या कथेत आहे, आणि धारपांवर घेतला जाणारा उसनवारीचा आक्षेपही तिला ठाऊक आहे. तो तिला अपुरा वाटतो. घरात एकटा राहिलेला मुलगा आणि पलीकडच्या खोलीतील जख्ख म्हातारी, हा प्रसंग मराठीत येताच त्याचे अर्थवलय बदलते, असे तिचे म्हणणे आहे. आपल्याकडे भुताची गोष्ट सांगते ती आजी, आणि गोष्ट ऐकून घाबरल्यावर बिलगायचे तेही तिच्याच लुगड्याला. या कथेत तो आसराच भयाचे ठिकाण होतो. हे सामर्थ्य उसने आणता येत नाही.

त्या रात्री मात्र कथा तिला पुरी करवली नाही. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली आणि ती जागच्या जागी थबकली. दोन-तीन मिनिटांनी ती उठली. त्यांना पाणी हवे होते. कथेने घाबरवले याचे तिला काही वाटले नाही. कथेचे ते कामच आहे. परंतु एका तहानलेल्या म्हातारीची हाक आपल्याला भयाची वाटली, हे तिला पुढे अनेक वर्षे सलत राहिले.

हा सलच तिच्या मतांचा पाया आहे. आपल्या भयकथेने भीती कोणाच्या नावावर मांडली, असा प्रश्न ती विचारते. बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते, एकटी राहणारी म्हातारी चेटकीण ठरते. ज्यांना जिवंतपणी न्याय मिळाला नाही त्यांनाच मेल्यावर भयाचे कारण करायचे, हा व्यवहार तिला पटत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. ज्या समाजाला असा कायदा करावा लागतो, तेथे चेटकीण ही निव्वळ कल्पित व्यक्तिरेखा उरत नाही, याची जाण लेखकाला असावी, एवढीच तिची अपेक्षा आहे. भयकथा लिहूच नये, असे ती म्हणत नाही.

ही अपेक्षा पुरी होऊ शकते, हे तिला ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटात जाणवले. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटामागे धारपांची ‘आजी’ आहे. पण कथेतील म्हातारी स्वतःच अघोरी शक्तीची धनी, तर चित्रपटातील म्हातारी खजिन्याच्या हावेतून शापित झालेली. तिला मरण हवे आहे आणि ते येत नाही. पुढे पुण्यात सोन्याची मोहर विकायला येणारा विनायक त्याच हावेचा वारस आहे. भयाचे मूळ म्हातारीकडून घराण्याच्या लोभाकडे सरकते. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथेने माणसाच्या मनातील काळोख आधीच दाखवला होता. गुप्ते यांच्या ‘दंशकाल’मध्ये भय कुटुंबाच्या आतच वाढते, धारपांचा समर्थ आता कोठे येणार नाही, हे ओळखूनच ती कादंबरी लिहिलेली आहे, असे ती मानते. आजच्या बऱ्याचशा कथांविषयी मात्र तिची तक्रार आहे. त्यांत काळोख सजावटीपुरता असतो. ध्वनिपुस्तकांत तर दाराची करकर शब्दाच्या आधी येते आणि कल्पनेला काही करायचे उरत नाही.

आता पलीकडच्या खोलीत ती स्वतः असते. नात गोष्टीचा हट्ट धरते. एकदा तिने ‘आजी’ वाचून दाखवायला घेतली आणि मुलगा म्हातारीच्या खोलीपाशी येतो तेथे थांबून विचारले, ‘‘त्या आजीला काय हवं असेल गं?’’ तिला अपेक्षित उत्तर अर्थातच पाणी हे होते. नात पांघरुणात शिरत म्हणाली, ‘‘तिला तो मुलगाच हवाय. तू वाच ना पुढे.’’

कथेच्या दृष्टीने ते उत्तर बरोबर होते, हे तिला मान्य करावे लागले. ती पुढे वाचू लागली.