उलट फिरकी

बिलियर्डच्या टेबलाचे नाव काढले म्हणजे अद्यापही पुष्कळ वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. ही आठी सर्वस्वी अन्यायाची आहे असे मी म्हणणार नाही. कारण त्या टेबलापायी एकदा माझ्याच तोंडचा घास गेला होता. परंतु त्याच टेबलापाशी मला जे शिकावयास मिळाले ते आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

माझे बालपण आंबेगाव तालुक्यातील घोडेगावी गेले. आमचे वडील सुतारकाम करीत. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. बैलगाडीची चाके घडविणे हा त्यांचा मुख्य धंदा. घोड नदीच्या काठी आम्ही मुले गोट्या खेळत असू. तेथे एक मौज नित्य दिसे. जमिनीवरून घरंगळत गेलेली गोटी दुसरीवर अगदी समोरासमोर आदळली, तरी ती स्वतःही थोडी पुढे जाई. पण बोट ताणून हवेतून उडविलेली गोटी नेमकी लागली, तर दुसरी दूर पळे आणि ही बहुधा तिच्याच जागी बसून राही.

सुटीत आम्ही जुन्नरास मामांकडे जात असू. त्यांच्या ओसरीवर शहाबादी फरशी होती. मामा फरशीवर गोटी ठेवीत आणि तिच्या आपल्याकडील कडेवर तर्जनी दाबून ती पुढे निसटवीत. गोटी हातभर पुढे जाई, क्षणभर थबके आणि आपण होऊन मामांकडे परत येई! आम्हांस ती जादू वाटे. तिचे कारण आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

पुढे मी शिक्षणासाठी पुण्यास गेलो. त्यास आता पन्नास वर्षे होत आली. एका सोबत्याने मला बिलियर्डच्या खोलीत नेले. पाटीच्या दगडाच्या सपाट फरशीवर घट्ट ताणलेली हिरवी बनात, भोवती रबरी कड आणि सहा खिसे, असे ते टेबल पाहून मी मोहून गेलो. तेथे बहुतेक जण स्नूकर खेळत. या खेळाचा जन्म आपल्याच देशात, जबलपूरच्या लष्करी छावणीत, १८७५ साली झाला असे मानतात. दोन-तीन महिन्यांत मी बरा खेळू लागलो, आणि एके दिवशी मूर्खपणाने महिन्याच्या खाणावळीचे पैसे पैजेस लावले.

शेवटचा काळा चेंडू तेवढा उरला होता. तो खिशाच्या तोंडाशी, आणि ज्याने मारावयाचे तो पांढरा चेंडू टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी. दोन्ही चेंडू व खिसा एका रेषेत. मला उडविलेली गोटी आठवली. पांढरा मधोमध मारला म्हणजे तो काळ्याच्या जागी थांबेल, असा मी हिशेब केला आणि हलक्या हाताने मारला. काळा खिशात पडला; पण पांढराही संथपणे त्याच्या मागोमाग गेला आणि आत पडला. नियमाप्रमाणे सात गुण प्रतिपक्षास मिळाले, डाव संपला आणि माझे पैसे गेले.

त्याच रविवारी आबा मंचरवरून एस. टी. ने मला भेटावयास आले. त्यांनी भाकऱ्यांचे गाठोडे सोडले, तेव्हा माझ्याने खोटे बोलवेना. सर्व हकीकत मी सांगून टाकली. आबा बराच वेळ गप्प होते. मग कमरेची पिशवी काढून त्यांनी पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

“ही एका चाकाची मजुरी आहे. पैज पुन्हा लावायची नाही,” ते म्हणाले. “पण मला सांग, तो पांढरा चेंडू आत का गेला?”

“नशीब, आबा. दुसरं काय?”

“नशीब? लाकूड तडकलं म्हणजे मी नशीब म्हणून स्वस्थ बसतो काय? का गेला ते कुणा जाणत्याला विचारून ये. नाहीतर ही मजुरी खरोखरीच फुकट गेली.”

दुसऱ्या दिवशी मी तेथील वृद्ध मार्करला विचारले. त्याने हसून टेबलावर मला सर्व दाखविले. सारख्या वजनाचे दोन चेंडू समोरासमोर आदळले की मारणाऱ्याचा वेग जवळजवळ सगळा दुसऱ्यास मिळतो. परंतु त्याची फिरकी त्याच्यापाशीच राहते. आदळण्याच्या क्षणी चेंडू नुसता घसरत असेल तर तो जागीच थांबतो. पुढे लोळत असेल तर ती फिरकी बनातीस धरून त्याला पुढे नेते. उलटा फिरत असेल तर तीच बनात त्याला मागे आणते. मधोमध मारलेला चेंडू प्रथम घसरत निघतो खरा; पण बनातीच्या घर्षणाने लौकरच लोळू लागतो, आणि तोवर त्याचा वेग मूळच्या ५/७ एवढा उरतो. माझा मार मधोमध होता. पण अंतर लांब आणि हात हलका, म्हणून काळ्यापाशी पोहोचेतो पांढरा लोळू लागला होता. मी जी गोटी आठवली ती हवेतून गेलेली. जी आठवावयास हवी होती ती घरंगळलेली!

यावर उपाय म्हणजे चेंडू मध्याच्या खाली मारणे. त्यास आपल्याकडील खेळाडू ‘स्क्रू’ म्हणतात. ही उलट फिरकीही वाटेत झिजत जाते. म्हणून अंतर जितके लांब तितका मार अधिक खाली किंवा अधिक जोराचा हवा. मात्र त्रिज्येच्या निम्म्याहून खाली गेले तर काठीच्या टोकाचे चामडे, खडू लावूनही, सटकते.

आडव्या फिरकीस ‘साइड’ म्हणतात. उजव्या अंगास मारलेला चेंडू रबरी कडेवर सरळ आदळला, तर परतताना उजवीकडे वळतो. पण हिची किंमत द्यावी लागते: निघतानाच तो नेमाच्या किंचित डावीकडे सरकतो, आणि ज्यास लागतो त्या चेंडूसही किंचित डावीकडे ढकलतो. “साइड नवशिक्याला बुडवते,” असे मार्कर म्हणे. या सर्वांचे गणित कोरिओलिस नावाच्या फ्रेंच पंडिताने १८३५ साली ग्रंथरूपाने मांडले. आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास, व पुन्हा १९६४ साली, बिलियर्डचे हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळविले.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आबांनी आपण होऊन विचारले, “काय, कळलं का?” मी त्यांच्या रंधलेल्या फळीवर गोटी ठेवली आणि मामांप्रमाणे बोटाने निसटविली. ती पुढे घसरली, थबकली आणि परत आली. मी कारण सांगितले. आबांनी ते शांतपणे ऐकले, गोटी माझ्याकडून घेतली आणि स्वतः दोन-तीनदा करून पाहिले. मग म्हणाले, “वसूल झाली मजुरी.”

विद्यार्थिमित्रहो, हा प्रयोग गुळगुळीत फरशीवर तुम्हीही करून पाहा. त्यास पैसा लागत नाही. पैज तर मुळीच लागत नाही. आणि पालकांस एवढीच विनंती की, मुलाने आपण होऊन चूक कबूल केली, तर त्याला ताकीद अवश्य द्यावी. पण तिच्यासोबत एक प्रश्नही द्यावा. आबांची ताकीद मी पाळली. परंतु शिकलो तो त्यांच्या प्रश्नामुळे.